न दिसणाऱ्यांचे बहुमत

बडोद्याच्या एका विद्यासंस्थेत, भौतिकशास्त्र विभागाच्या मासिक बैठकीत, 'विश्व अपुरे आहे' असा ठराव एकमताने मंजूर झाला. सूचक विभागप्रमुख डॉ. विश्वासराव दफ्तरदार. अनुमोदकाचे नाव लिहायचे राहून गेले, कारण तेवढ्यात चहा आला. ठरावाची भाषा अशी होती: 'मूलकण आणि त्यांच्यातील बले यांचा जो सिद्धांत जगभर स्टँडर्ड मॉडेल या नावाने ओळखला जातो, तो आजवरच्या प्रयोगांशी जुळत आला आहे. त्यामुळे त्यात संशोधनास वाव उरलेला नाही. सबब विभागाने त्याचा विस्तार हाती घ्यावा.'

दिवसच विस्ताराचे होते. देशाने नुकतीच दारे उघडली होती. ज्या घरात एका साबणावर सगळ्यांची आंघोळ व्हायची तिथे आता माणशी एक साबण झाला होता. जिथे एकुलती सरकारी वाहिनी संध्याकाळी बियाण्यांची माहिती द्यायची तिथे केबलवाला गच्चीवरून तारा ओढून गेला होता. अलकापुरीच्या बाजारात रोज नवी काच आणि काचेमागे नवा माल. अशा काळात विश्वाने अवघ्या बारा वाहक कणांवर दिवस काढावेत, हे विश्वासरावांना मागासलेपणाचे वाटले. "परवान्याचं राज्य संपलं," ते म्हणाले, "आता कणांनाच काय म्हणून बंदी?"

त्यांनी निवडलेला विस्तार परदेशात कधीच मांडून, तपासून, बहुतेकांनी माळ्यावर टाकला होता. पण परदेशात मोडीत निघालेली फोटोकॉपीची यंत्रे बडोद्यात नवी म्हणून येतच होती. त्यांच्याबरोबर एक सिद्धांत आला, तर त्याला नाक्यावर कोण अडवणार?

त्या बैठकीत शेवटच्या खुर्चीवर यशश्री खानविलकर बसली होती. वडील प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात, राहणे तिथल्याच क्वार्टरमध्ये. स्वतः जवळच्या सावली गावातल्या कॉलेजात हंगामी व्याख्याती. सकाळची एसटी धरून ती सावलीला जायची आणि दुपारची धरून संशोधनाला परत यायची. हंगामी माणसाचा सगळा जीव एका कागदावर टांगलेला असतो. पीएच.डी. झाली तर जागा कायम, नाही झाली तर दुसरा कुणीतरी पदवी घेऊन दारात उभाच. विश्व पुरेसे आहे की अपुरे, याबद्दल तिचे काही म्हणणे नव्हते. तिला सावलीची जागा हवी होती, आणि ती मिळण्याची वाट विश्वासरावांच्या दालनातून जात होती.

घरी तिने हा प्रकार आईला समजावून सांगितला. मंदाकिनीबाई तुवेरीच्या शेंगा सोलत होत्या.

"हे बघ आई, कीर्तनात कसं, समजा प्रत्येक टाळकऱ्याला सांगितलं, तुझा तू सूर धर. शेजाऱ्याशी जुळलाच पाहिजे असं नाही. पण भजन मात्र एकच राहिलं पाहिजे. मग काय करावं लागेल?"

"बुवा पेटी मिटून घरी जातील."

"नाही गं! एकाचा सूर दुसऱ्याला कळवणारे निरोपे ठेवावे लागतील. ते सारखे इकडून तिकडे पळणार आणि फरक भरून काढणार. ज्याचा त्याचा सूर वेगळा असूनही भजन बदललं नाही, याला म्हणायचं गेज सममिती. आणि हे निरोपे म्हणजे वाहक कण. प्रकाशाचा कण हा त्यातलाच एक. असे बारा आहेत."

"बरं. मग?"

"सर म्हणतात, सममिती आणखी मोठी धरायची. मोठी धरली की गणितानं निरोपे चोवीस होतात."

"म्हणजे बारा नवे. कुठायत ते?"

"दिसत नाहीत."

"का?"

"सममिती मोडली म्हणून. विश्वाच्या सुरुवातीलाच मोडली. त्यामुळे ते बारा इतके जड झाले की कुठल्या यंत्रात तयारच होत नाहीत."

मंदाकिनीबाईंनी सोललेले दाणे चाळणीत ओतले. "म्हणजे तुझ्या सरांनी घर भरून पाहुणे बोलावले. जेवायच्या वेळी पानं रिकामी. विचारलं तर म्हणतात, आलेत सगळे, पण अंगानं जड आहेत, जिना चढवत नाहीये."

यशश्रीला हसू आले आणि लगेच भीतीही वाटली. आईला शंका पोटात ठेवायची सवय नव्हती. घडियाळी पोळ या जुन्या आळीजवळच्या देवळात कीर्तनाला बसली की ती डोळे मिटून, मान डोलावून ऐके; पण बुवांनी आख्यानात गडबड केली, सीतेला एक सर्ग आधी रथात बसवले, की डोळे उघडून बायकांतून सरळ आवाज देई, "बुवा, अजून निघायची आहे ती!" आणि गोविंदबुवा चिपळ्या थांबवून, हात जोडून म्हणत, "माउली, चुकलो," आणि सीतेला खाली उतरवत. सभा हसे, बुवा हसत, आणि आख्यान आणखी रंगे. त्यात बुवांचा मान जात नसे, उलट वाढे. कारण बुवा ज्याचे नाव घेत होते त्याच्यापुढे बुवाही लहान आणि मंदाकिनीबाईही लहानच.

विभागात असली सोय नव्हती.

विश्वासरावांनी कामाची जी पद्धत बसवली तिची तारीफ पुढे बाहेरच्या संस्थांतूनही झाली. न दिसणाऱ्या प्रत्येक कणाला एक संशोधक-विद्यार्थी नेमून दिला. विद्यार्थ्याने आपला कण का सापडत नाही यावर प्रबंध लिहायचा. "सापडण्यात काय आहे?" सर म्हणत. "सापडला की एक शोधनिबंध होतो आणि विषय मिटतो. न सापडण्याला अंत नाही." हे त्यांचे बोलणे मात्र शब्दशः खरे होते.

कण नुसता न दिसून भागत नाही, लवकरच दिसेल असे वाटावेही लागते, हे सरांना अनुभवाने ठाऊक होते. प्रकल्प मंजूर करणाऱ्या दिल्लीच्या समितीला आशा लागते. म्हणून त्यांनी यशश्रीला सांगितले, "तुझा कण फार जड ठेवू नकोस. युरोपातल्या यंत्राच्या पुढच्याच पायरीवर ठेव. हात लांबवला की लागेल, असा." यशश्रीने तसा तो ठेवला आणि परिणाम काढायला बसली. आकडे पाहून तिच्या तोंडचे पाणी पळाले. तिने सगळे पुन्हा केले, आणि तेच आले.

"सर, हा कण इतका हलका ठेवला तर तो प्रोटॉन फोडतो."

"फोडणारच. मोठ्या सममितीत प्रोटॉन अमर नसतो. लोक तर तो फुटताना पाहायला कोलारच्या सोन्याच्या खाणीत खाली उतरून वाट बघत बसले होते."

"ते युगानुयुगांनी फुटायचा म्हणून बसले होते, सर. आपला लगेच फुटतो. कप ओठाला लागायच्या आत चहा नाहीसा होतो. कपही. ओठ पण."

विश्वासरावांच्या हातात त्या वेळी चहाचा कप होता. त्यांनी शांतपणे एक घोट घेतला.

"मी हा चहा प्यायलो की नाही?"

"प्यायलात, सर."

"म्हणजे प्रोटॉन टिकून आहे."

"हो सर. म्हणूनच आपला सिद्धांत चुकी—"

"चुकीचा नाही," सर म्हणाले. "लहान आहे."

आणि विभागाच्या पुढच्या बैठकीत चोवीस पुरत नसल्याचे लक्षात घेऊन पंचेचाळीस कणांची सममिती मंजूर झाली. तिच्यात मोडतोड टप्प्याटप्प्याने करता येत होती, त्यामुळे प्रोटॉनला धोक्याबाहेर नेता आले. यशश्रीचा प्रबंध मात्र पहिल्या पानापासून बाद झाला. नवे न दिसणारे आले, त्यांच्यासाठी नवे विद्यार्थी आले, विद्यार्थ्यांसाठी खुर्च्या आल्या. युरोपातल्या यंत्राची ताकद वाढली की सरांच्या कणाचे वजन वाढे. यंत्रवाले म्हणत, इथवर पाहिले, काही नाही. सर वार्षिक अहवालात लिहीत, 'अपेक्षेप्रमाणे कण त्याच्या किंचित पुढे आहे.' हे 'किंचित' विभागाचे खरे भांडवल होते. ते कधी आटले नाही.

आता बडोद्याच्या एका चालीबद्दल सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. जुन्या संस्थानी अंमलदारांच्या घराण्यांना देवळात कीर्तनाच्या वेळी मानाची गादी असे. पुढची रांग त्यांची. संस्थान गेले, घराणी पुण्याला गेली, मुले न्यू जर्सीला गेली, पण गाद्या हलल्या नाहीत. रिकाम्या गादीवर घडी केलेली शाल असते. पूर्वरंग संपला की बुक्का आधी त्या शालीला लागतो, मग मागे बसलेल्या जिवंत माणसांना. मंदाकिनीबाईंसारखी रेल्वे क्वार्टरमधली माणसे पाच-सहा रिकाम्या गाद्यांच्या मागे बसून बुवांचे तोंड पाहायला माना उंचावत. त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. गोविंदबुवांना वाटे, पण बुवांना नेमणारे विश्वस्त गादीवाले होते. विश्वासराव दफ्तरदारांची स्वतःची गादी उजवीकडून तिसरी. ते वर्षातून एकदा येत, शाल उचलून तिच्या जागी बसत, आणि आरती झाली की शाल परत ठेवून जात.

पुढे नव्वदीचे दशक उतरणीला लागले आणि संगणकांना नवे शतक मोजता येणार नाही अशी जगभर हाकाटी झाली. ज्याला बेरीज येते त्याला अमेरिका विमान पाठवू लागली. विभागातले न दिसणाऱ्या कणांचे विद्यार्थी एकामागून एक हैदराबादला, तिथून डॅलसला गेले. कण तर नव्हतेच; आता त्यांचा शोध घेणारेही नव्हते. मागे राहिली यशश्री आणि आणखी दोघे-तिघे, ज्यांना बेरीज येत होती पण घर सोडवत नव्हते.

दुसरा कुणी असता तर रिकाम्या खुर्च्या उचलून वर्गात ठेवल्या असत्या. विश्वासरावांनी प्रत्येक खुर्चीवर एक शाल ठेवली.

त्याच सुमारास विद्यापीठाने सहभागाचा नवा नियम काढला: प्रत्येक संशोधन-विषयाला विभागाच्या संशोधन-परिषदेत एक जागा आणि एक मत. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. तसा तो नेहमीच असतो. सरांनी लगेच विभागाची सममिती पंचेचाळीसवरून अठ्ठ्याहत्तरवर नेली आणि प्रत्येक कण हा स्वतंत्र विषय असल्याचे कळवले. ज्ञात बारा कण विभागातल्या बारा कायम शिक्षकांना वाटून दिले. उरलेले सहासष्ट शालींकडे गेले.

पहिल्याच बैठकीत भास्करराव उठले. हे प्रयोगशाळा सांभाळत. उभी हयात तारा जोडण्यात गेल्यामुळे दिसेल तेच खरे मानायची खोड त्यांना लागली होती.

"विश्वासराव, गणपूर्ती नाहीये."

"खुर्च्या मोजा."

"खुर्च्या आहेत हो! माणसं कुठायत?"

"माणसं दिसत नाहीत," सर सौम्यपणे म्हणाले. "न दिसणं म्हणजे गैरहजर असणं नव्हे. भास्करराव, एवढा फरक आपल्याला कळत नसेल, तर आपण या विभागात इतकी वर्षं केलं काय?"

"मग त्यांची मतं द्यायची कुणी?"

"ज्यानं त्यांना मांडलं त्यानं."

हरकत मताला टाकली. भास्कररावांच्या बाजूने बारापैकी अकरा हात वर झाले. विभागाच्या इतिहासात सरांविरुद्ध शिक्षकांचे इतके एकमत पूर्वी कधी झाले नव्हते. बारावे सर स्वतः; ते अध्यक्ष म्हणून तटस्थ राहिले. विरोधात सहासष्ट. हरकत फेटाळली गेली. सरांनी लोकशाहीचे आभार मानले आणि भास्कररावांना शंकरपाळ्यांची बशी पुढे केली.

इकडे सावलीत प्राचार्य दत्ताजीराव यशश्रीला बोलावून म्हणाले, "जुओ यशश्रीबेन, मी काय वाईट माणूस नाय. पोरं तुमच्यावर खुश आहेत. पण वरून विचारतात, डिग्री क्यारे, कधी? नव्या वर्षाआधी कागद आणा. नाय तर ही जागा मला जाहीर करावी लागेल. पछी माझ्या हातात काय नाय."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून यशश्रीने ठरवले, आता खरे तेच लिहायचे. इतकी वर्षे तिने सरांच्या सांगण्यावरून कण जड केला, हलका केला, मधल्या मजल्यावर ठेवला. त्यातून तिला एकच गोष्ट लख्ख कळली होती. अठ्ठ्याहत्तर कणांच्या या सिद्धांतात वळवायच्या इतक्या किल्ल्या होत्या की यंत्रात काहीही निघाले तरी तो जुळवून घेता येई, आणि काहीच निघाले नाही तरी जुळवून घेता येई. तिने हे गणिताने दाखवले. निष्कर्षात स्वच्छ लिहिले: 'आज करता येण्याजोग्या कोणत्याही प्रयोगात अठ्ठ्याहत्तर कणांचे उत्तर आणि जुन्या बारा कणांचे उत्तर यांत फरक पडत नाही.' लिहून झाल्यावर तिला हलके वाटले. नोकरी जाईल, पण मान ताठ राहील. मग आईचा चेहरा आठवला, आणि तो ताठपणा दुसऱ्या दिवशीच्या एसटीच्या पहिल्याच खड्ड्यात गेला.

सरांनी प्रबंध चाळला. निष्कर्षापाशी थांबले. चष्मा काढला. यशश्री उभीच होती.

"फरक पडत नाही," त्यांनी मोठ्याने वाचले.

"हो सर."

"एकाही प्रयोगात?"

"एकाही नाही, सर."

सरांचे डोळे पाणावले. "म्हणजे जगातला एकही प्रयोग आपल्या विरोधात नाही!" ते उठून तिच्याजवळ आले. "पोरी, अगं पूर्वी आपला सिद्धांत चुकू शकत होता. केवढा घोर होता मला! ती उणीव तू काढून टाकलीस."

"सर, मला म्हणायचंय की या सहासष्टांची गरजच—"

"तुला काय म्हणायचंय ते मला कळलं. तुला पदवी हवी आहे."

तेही खरेच होते.

प्रबंध परिषदेपुढे गेला. सहासष्ट मते अनुकूल पडली. सहासष्ट न दिसणाऱ्यांनी स्वतःची गरज नसल्याचा निष्कर्ष एकमुखाने उचलून धरला. एवढे मोठे मन दिसणाऱ्यांच्या सभांत आढळत नाही. भास्करराव तटस्थ राहिले.

"सर, तुम्ही तरी विरोध करायचा," बाहेर जिन्यावर यशश्री हळूच म्हणाली.

"कुणाला करू? तुला?" भास्करराव जिन्याच्या कठड्याला टेकले. "आमची सूनबाई अस्मिता, तिचं नाव या महिन्यात विश्वासरावांकडे नोंदवलंय. दुसरं कोण घेतं हल्ली? एक शाल उचलून तिला बसायला जागा दिलीय त्यांनी." मग थोडे थांबून म्हणाले, "भला माणूस आहे तसा."

तोंडी परीक्षा खुली असते. विषय सर्वांसमोर मांडायचा, आणि उपस्थितांपैकी कुणीही शंका विचारायची, असा नियम आहे. तो फार जुना आणि फार सुंदर आहे. यशश्रीच्या परीक्षेला सभागृह भरले. संस्थानी घराण्यांतले निवृत्त लोक आले, प्रतापनगरच्या क्वार्टरमधल्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या, वडील वर्कशॉपातून रजा टाकून आले. पुढच्या रांगेत शाली होत्या. मंदाकिनीबाई त्यांच्या मागे, मान उंचावून.

यशश्री बोलली आणि बरे बोलली. बाहेरगावहून आलेल्या परीक्षकांनी डोळे मिटून ऐकले. त्यांचा एकच आक्षेप होता.

"अठ्ठ्याहत्तरवरच का थांबलात? आमच्याकडे एकशे तेहेतीस आहेत."

सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. सरांनी नम्रपणे सांगितले की जागेची अडचण आहे, पण शेजारच्या रसायनशास्त्राच्या दोन खोल्या मागितल्या आहेत. परीक्षक संतुष्ट झाले. मग सर उभे राहिले आणि नियमाप्रमाणे म्हणाले, "उपस्थितांपैकी कुणाला काही शंका?"

सभागृह गप्प झाले. शंका नव्हती म्हणून नव्हे. ती सगळ्यांनाच होती, आणि एकच होती. इतकी साधी की तिसरीतल्या पोरानेही विचारली असती. निवृत्त अंमलदारांनी काठीच्या मुठीकडे पाहिले. भास्करराव पंख्याकडे पाहू लागले. यशश्रीचे डोळे मात्र दुसऱ्या रांगेत खिळले होते. आईची मान ताठ झालेली तिला दिसली. हीच ती मान, आणि हाच तो श्वास, जो ती देवळात 'बुवा!' म्हणायच्या आधी घेते. यशश्री मनातल्या मनात म्हणत होती: विचार, आई. नको विचारू, आई. दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्ही मनापासून.

मंदाकिनीबाई उठल्या. खुर्च्या करकरल्या. वडिलांनी डोळे मिटून घेतले.

"मला विचारायचंय," त्या म्हणाल्या. आवाज देवळातल्यासारखाच खणखणीत होता. त्यांनी मुलीकडे पाहिले. मुलीच्या चपलेवर सावलीच्या रस्त्याची धूळ होती, आणि चेहऱ्यावर इतक्या वर्षांच्या एसट्या. बाईंचा श्वास आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

"कागद," त्या म्हणाल्या, आणि आवाज खाली आला. "तो तात्पुरता कागद असतो ना, तो आजच मिळेल का? सावलीला द्यायचाय."

सगळे सभागृह हसले. फार मोठ्याने, फार आपुलकीने, सुटल्यासारखे हसले. विश्वासराव तर व्यासपीठावरून खाली आले, मंदाकिनीबाईंपुढे हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "माउली, आज या सभागृहात विज्ञान कुणाला कळलं असेल तर ते तुम्हाला." कागद तिथेच सही होऊन मिळाला. टाळ्या वाजल्या. भास्कररावांनी सगळ्यांत जास्त वाजवल्या.

यशश्री कायम झाली. दत्ताजीरावांनी कॉलेजात पेढे वाटले. पुढच्या कीर्तनात गोविंदबुवांनी भरताला पादुका मागायला रामाच्या आधीच वनात पोचवले. ते स्वतःच अडखळले, चिपळ्या धरून क्षणभर बायकांकडे पाहत राहिले. बायकांतून आवाज आला नाही. मंदाकिनीबाई डोळे मिटून बसल्या होत्या. बुवांना आख्यान तसेच पुढे रेटावे लागले.

पुढच्या महिन्यात त्याच सभागृहात पुढची तोंडी परीक्षा आहे. कण एकशे तेहेतीस झाले आहेत. रसायनशास्त्राच्या खोल्या मिळाल्या. परीक्षा नेहमीप्रमाणे सर्वांना खुली आहे. इथवर वाचताना तुम्हाला हसू आले असेल, सरांचा रागही आला असेल, मंदाकिनीबाईंनी विचारायला हवे होते असे ठामपणे वाटले असेल, तर जरूर या. मागे जागा असते. सगळ्यांसमोर उठा आणि ती साधी शंका विचारा. फक्त आत शिरण्यापूर्वी दारावर लावलेल्या सूचनेत उमेदवाराचे आडनाव वाचून घ्या. तुमचेच आहे.